थीम पार्कची सहल आणि आपल्या मुलांचे वय



मुलांना थीम पार्कला कोणत्या वयात न्यावे, यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. तीन वर्षांचे झाले की एकदा न्या, पाच-सहाचे झाले की पुन्हा न्या, दहाचे झाले की मोठ्या राइडसाठी पुन्हा न्या, असे ते सांगतात. हे सल्ले ज्या घरांसाठी लिहिलेले असतात तिथे गाडी असते, मुले एक किंवा दोन असतात आणि सुट्टी पगारी असते. एखादी फेरी वाया गेली तरी पुढच्या वर्षी जाता येते. आपल्या वस्तीतल्या मुलाला बहुतेक वेळा एकदाच जायला मिळते. एकदाच जायचे असेल तर वयाचा प्रश्न सोयीचा राहत नाही. तो न्यायाचा होतो. म्हणून त्यावर लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे कल्याण पूर्वेतल्या एका बुद्धविहारात रविवारचा मुलांचा वर्ग चालवणारे सात-आठ जण. कोणी रेल्वेत आहे, कोणी डोंबिवली एमआयडीसीत, दोघी शिक्षिका आहेत, एक जण रिक्षा चालवतो. कोळसेवाडी, काटेमानिवली, चिंचपाडा इथली मुले वर्गाला येतात. वर्षातून एक सहल निघते. कधी ठाण्याला मानपाड्याच्या टिकुजीनी वाडीला, कधी एखाद्या वॉटर पार्कला आणि पैसे जमले तर खोपोलीजवळच्या इमॅजिकाला. सहलीच्या बैठकीत वर्गणीवरून फारसे वाद होत नाहीत. वाद होतो तो वयावरून. आणि तो दर वर्षी होतो.

गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आमच्यातले बरेच जण शाळेत होते. त्याची जाहिरात शेजारच्यांच्या टीव्हीवर बघायची, दारात उभे राहून. कल्याणहून दादर, दादरहून बोरिवली, पुढे बस आणि मग खाडीतून बोट, हा सगळा रस्ता आम्हाला तोंडपाठ होता. जाणे मात्र झाले नाही. शाळेची सहल निघाली की वर्गातल्या ठरावीक मुलांना त्याच दिवशी ताप यायचा. तो ताप कसला आहे हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असे, मास्तरांनाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. अटलांटातल्या फनटाउन नावाच्या करमणूक पार्कची जाहिरात तिने टीव्हीवर पाहिली आणि आपल्याला तिथे का जाता येत नाही, असे विचारले. पार्क काळ्या मुलांना बंद होते. एवढ्या मोठ्या लढ्याचे समर्थन करताना किंग कायद्याचे दाखले देतात, धर्माचे देतात आणि त्याच ओघात मुलीच्या या प्रश्नापाशी थांबतात. आपली मुले साधारण याच वयात विचारू लागतात. आपल्याकडे फाटकावर तशी पाटी नाही. तिकिटाचा दर आहे. तिकीट काढणाऱ्याला कोणी जात विचारत नाही हे खरे, पण तिकीट कोणाला परवडते आणि कोणाला नाही, यात जात नाही असे कोण म्हणेल?

आता मूळ मुद्दा. आधी अगदी लहान मुलांचे पाहू.

बहुतेक पार्कांत साधारण तीन-सव्वातीन फुटांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. फुकट आहे म्हटल्यावर आपली माणसे दोन-तीन वर्षांचे पोर घेऊन येतात. यात समजण्यासारखे आहे. पण फुकट नेमके काय असते ते बघा. सकाळी सहाला निघालेली बस कल्याण-शीळ रस्त्यावर अडकते. पनवेल यायच्या आत पोराने दोनदा ओकलेले असते. आत गेल्यावर त्याला फिरत्या घोड्याखेरीज काही बसायला नाही, दुपारी ऊन लागते, आणि तीन वाजता ते झोपते. मग तिकीट काढून आत आलेले एक मोठे माणूस दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बाकावर बसते. हे माणूस कोण असते ते सांगायला नको. फुकट पोरामागे आईचे हजार-दीड हजाराचे तिकीट असे जाते. पोराला त्यातले काहीच आठवत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी खोपोली नको, हे आमचे ठरलेले मत आहे. त्याच्यासाठी तलावपाळीची संध्याकाळ आहे, घसरगुंडीची बाग आहे, जत्रेतला हाताने फिरवायचा पाळणा आहे. तो पाळणा त्याला पुरेसा उंच वाटतो.

सहा-सातचे मूल मधले असते. ते प्रश्न विचारते, हट्ट धरते, पण मोठ्या राइडच्या रांगेत त्याला बाजूला काढतात. त्याच्यासाठी जवळचे आणि लहान पाळण्यांचे ठिकाण बरे. कल्याणहून लोकलने ठाणे, तिथून बसने मानपाडा. संध्याकाळी सातला घरी. अर्ध्या दिवसाच्या सहलीला मूल थकत नाही आणि पैसेही निम्म्याच्या आसपास लागतात.

आता उंची. इथे जरा थांबावे लागेल, कारण वयाच्या सल्ल्यात हा भाग कोणी लिहीत नाही.

पार्कवाले वय बघत नाहीत, उंची बघतात. प्रत्येक राइडजवळ फळी असते, तिच्यावर रेघ असते. मोठ्या रोलर कोस्टरची रेघ साधारण साडेचार फुटांच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलाची मधली उंची १३८ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांना थोडी वरच. म्हणून सल्ला देणारा बिनधास्त लिहितो की दहाव्या वर्षी न्या. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल उघडा. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. देशपातळीवर अनुसूचित जाती आणि जमातींत हे प्रमाण सरासरीहून जास्त असते. हीच मुले पुढे दहा-अकराची होतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला नऊ वर्षांचा मुलगा ज्या रेघेला डोके लावतो, त्या रेघेखाली आमच्या वर्गातला अकरा वर्षांचा मुलगा तीन बोटे कमी पडतो. राइडच्या दारावरची फळी त्याच्या आईच्या गरोदरपणापासूनचा हिशेब मोजत असते.

ही रेघ अन्यायाची आहे, असे आम्ही मुलांना सांगत नाही. ती सुरक्षेसाठी आहे. खांद्यावरून खाली येणारा दांडा लहान अंगाला घट्ट बसत नाही आणि पोर निसटू शकते. बुटात कागद कोंबून उंची वाढवायची युक्ती दर वर्षी कोणाला तरी सुचते. आम्ही बूट काढायला लावतो. पण एक गोष्ट आमच्या हातात असते. तासभर रांगेत उभे राहिल्यावर, सगळ्यांसमोर, गणवेशातल्या माणसाने हाताने बाजूला करणे आणि पंधरा दिवस आधी विहारात आपल्या माणसाने मोजून सांगणे, यात फार फरक आहे. दाराच्या चौकटीला आम्ही टेप चिकटवली आहे. यादी करताना नावापुढे वय लिहितो आणि वयापुढे उंची. ज्या वर्षी नऊ ते अकराच्या गटातली बरीच मुले रेघेखाली आली, त्या वर्षी इमॅजिका रद्द करून वॉटर पार्क धरले. तिथे मधल्या उंचीच्या मुलांनाही दिवसभर पाण्यात राहता येते. ज्या मुलाला अर्ध्या राइड बंद आहेत त्याचे पूर्ण तिकीट काढून त्याला नुसते खाली उभे करायचे, हे आम्हाला पटत नाही.

मग योग्य वय कोणते? आमच्या मते आठ ते बारा, आणि त्यातही नऊ-दहा. यामागे उंची हे एकच कारण नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास लिहिला आहे. आपण तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्याची सुरुवात पुन्हा वाचा. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघालेल्या मुलांची सहल आहे. नवे कपडे शिवले आहेत, नव्या टोप्या आहेत, नवे बूट आहेत, आगगाडीत पहिल्यांदा बसायचे आहे. मसूर स्टेशनला उतरेपर्यंत ती पोरे आनंदात आहेत. पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा, गाडी हाकायला तयार नसलेला गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी. तेव्हा आपण नऊ वर्षांचे होतो आणि हा प्रसंग मनावरून कधी पुसला गेला नाही, असे त्यांनीच नोंदवले आहे. नऊ वर्षांच्या मुलाला सगळे कळते आणि ते त्याला जन्मभर आठवते. हे वय एवढे टिकाऊ असेल तर त्या वयात आपल्या मुलांच्या पदरात एक चांगला दिवसही पडला पाहिजे. नवे कपडे घालून निघालेली आपली मुले संध्याकाळी हसत परत आली, एवढेच त्या दिवसात घडावे असे आम्हाला वाटते.

या वयाचे मूल ‘मला नाही बसायचे’ असेही म्हणू शकते. हे आम्ही महत्त्वाचे मानतो. पाच वर्षांच्या मुलाला बाप उचलून राइडमध्ये ठेवतो आणि ते किंचाळते तेव्हा मोबाइल काढतो. दहा वर्षांचे मूल रांगेत उभे राहते, समोरची गाडी उलटी होताना बघते आणि ठरवते. कोणी बसते, कोणी मागे फिरते. मागे फिरणाऱ्याला चिडवायचे नाही, हा बसमध्ये सांगितलेला पहिला नियम असतो.

मुलींच्या बाबतीत वय आणखी कडक होते. बारा-तेरा वर्षे झाली की घरची परवानगी आटते. वॉटर पार्क म्हटले की विचारूच नका. मागच्या खेपेला एक मावशी म्हणाल्या, “दादा, तिला न्या, पण पाण्यात नका उतरवू. आता मोठी झाली ती.” मुलगी बाराची होती. आमच्यातल्या ताई त्यांच्याशी दोन संध्याकाळी बोलल्या. पाळीचे काय, कपड्याचे काय, बरोबर बाया किती असतील, मुलांचे आणि मुलींचे कपडे बदलायचे ठिकाण वेगळे आहे का, हे सगळे नीट विचारून घेतल्यावर त्यांनी होकार दिला. बऱ्याच वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत. तिथला पोशाख भाड्याने घ्यावा लागतो, अनामत ठेवावी लागते. आम्ही आधीच अंगभर, गुडघ्याखाली जाणारे कपडे ठाण्यातून घेऊन ठेवतो. मुलगी पाण्यात उतरली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. अशा किती मुलींशी आणि किती आयांशी बोलणार? म्हणून आमचा नियम असा की नवव्या-दहाव्या वर्षाच्या मुलीचे नाव आधी. दोन वर्षांनी तिचा रस्ता बंद होतो, तिच्या भावाचा होत नाही.

एका घरात तीन मुले असतील आणि एकाच मुलाचे पैसे जमत असतील, तर घरचे बहुधा धाकट्या मुलाचे नाव देतात. तो रडतो म्हणून. आम्ही म्हणतो, ज्याचे वय सरत आले आहे त्याला आधी पाठवा. धाकट्याला अजून तीन वर्षे हातात आहेत. थोरली गप्प बसते, तिला कळते, ती भांडी घासायला निघून जाते. तिच्या समजूतदारपणाचा फायदा घेऊ नये.

आता काही कार्यकर्त्यांचा आक्षेप. तो ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, महाडला न्या, दीक्षाभूमीला न्या. भांडवलदारांच्या पाळण्यात पोरांना कशाला फिरवता? समाजाचा पैसा असा का उडवता?

महाडला आम्ही नेतोच. पण महाडलाही वय असते, हे आक्षेप घेणारे विसरतात. सात वर्षांच्या मुलाला मार्चच्या उन्हात चवदार तळ्यावर उभे केले तर त्याला गर्दी, तहान आणि बापाचा घाम एवढेच कळते. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला कळते की ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव काय होता, तो कागदावर का राहिला, आणि २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी पिण्यासाठी एवढी माणसे का चालत गेली. पाणी प्यायल्यानंतर माणसांना कसे मारले आणि तळे ‘शुद्ध’ कसे करून घेतले, हे ऐकायलाही तेवढे वय लागते. आठ ते बारा थीम पार्क, तेरानंतर महाड. आम्हाला यात विरोध दिसत नाही.

उलट संविधान उघडले तर दोन्ही एकाच जागी सापडतात. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही विहिरी, तळी, स्नानघाट वापरण्यापासून अडवता येणार नाही, असे ते सांगते. आणि त्याच कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे लिहिली आहेत. संविधान करणाऱ्यांना करमणूक ही क्षुल्लक बाब वाटली असती तर ते शब्द तिथे आले नसते. करमणुकीच्या जागा माणसे किती जिवावर उदार होऊन अडवतात, ते अमेरिकेत दिसले आहे. काळ्यांना बागेत येऊ द्यावे लागेल म्हणून माँटगोमेरी शहराने १९५९ साली आपल्या सगळ्या बागाच बंद करून टाकल्या. एकाच पाण्यात सगळ्यांची पोरे डुंबत आहेत, हे दृश्य पोहण्याच्या तलावात बघवत नाही आणि गावच्या तळ्यावरही बघवत नाही. आक्षेप घेणाऱ्या भावांनी एकदा आमच्याबरोबर वॉटर पार्कला यावे. लाटांच्या तलावात कोळसेवाडीचे पोर आणि घोडबंदरचे पोर एकमेकांवर पाणी उडवते. दोघेही एकमेकांचे आडनाव विचारत नाहीत. बाहेर आल्यावर मात्र एक जण आतल्या उपाहारगृहाकडे जातो आणि दुसरा बसकडे येतो. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि आतले आम्हाला परवडत नाही. आम्ही चपाती-भाजी बसमध्येच ठेवतो. तेवढ्यात एखादे पोर आतल्या वडापावचा दर सगळ्यांना ओरडून सांगते आणि बसभर हशा पिकतो.

पैशाचे थोडक्यात. वीस आठवडे आधीपासून आठवड्याला वीस रुपये, म्हणजे मुलामागे चारशे. उरलेले नोकरीवाले भरतात. ज्याचे चारशेही पूर्ण झाले नाहीत त्याचे नाव कापत नाही आणि कोणी किती भरले ते मुलांसमोर वाचत नाही. त्या ‘तापा’चे दिवस आम्हाला आठवतात. तारीख जानेवारीची धरतो. ६ डिसेंबर आणि १ जानेवारी झालेले असतात, ऊन नसते, परीक्षा लांब असते, आणि शाळेच्या परवानगीने मधल्या वारी गेलो तर तिकीटही बरेचदा कमी पडते. एप्रिल आमचा जयंतीत जातो.

पंधरा-सोळाची मुले उरतात. घरचे म्हणतात, दहावी होऊ दे मग जा. दहावी झाली की अकरावीचा प्रवेश येतो, मग अर्धवेळ काम येते, आणि ‘मग’ येतच नाही. या मुलांना लहानांच्या रांगेत हात धरून उभे राहायला लाज वाटते. त्यांना आम्ही सहलीतली मुले म्हणून नेत नाही. एकेकाकडे चार-पाच लहान मुले सोपवतो. कोणी कोणत्या राइडला बसायचे, डब्यात काय आहे, कोणाला मळमळते, हे त्यांनी बघायचे. दुपारनंतर दोन तास त्यांचे. तेव्हा ते सगळ्यांत भयंकर राइडला सलग तीनदा बसतात आणि आम्ही तिकडे बघत नाही.

या वर्षीची यादी तयार होते आहे. बेचाळीस मुले, आठ थोरली, सहा मोठी माणसे. मोठ्यांच्या जागांसाठी या वेळी पहिल्यांदाच एक नियम घातला: निम्म्या आया हव्यात, आणि आईने पिशव्या सांभाळायच्या नाहीत, पिशव्या पुरुषांकडे. पहिल्या रविवारी कोणी नाव दिले नाही. दुसऱ्या रविवारी एक मावशी आल्या. ठाण्याला दोन सोसायट्यांत स्वयंपाकाचे काम करतात, सकाळची सहा दहाची लोकल धरतात. म्हणाल्या, “माझं नाव घाला. पण त्या उलट्या होणाऱ्यात बसू देतील का मला?” आम्ही त्यांना चौकटीला उभे केले. वय त्रेचाळीस, उंची चार फूट दहा. रेघेच्या चांगल्या वर.